बिलियर्डचा बॉल, उसाचा घाणा आणि बेअरिंग... हायट एकच माणूस का?

खटारा_६८ :

नमस्कार मंडळी. गावाकडचं घर उपसताना आजोबांच्या लोखंडी ट्रंकेत ग्रीसच्या फडक्यात गुंडाळलेलं एक बेअरिंग मिळालं. आजोबा मिल्ट्री डिस्पोजलच्या अमेरिकन ट्रकांची कामं करायचे त्यामुळे बेअरिंग मिळण्यात नवल नाही, पण हे विचित्रच आहे राव, आतले रोलर भरीव नाहीत, पोलादाची पट्टी रिफिलमधल्या स्प्रिंगसारखी गोल गोल गुंडाळून केलेत आणि कडेला इंग्रजीत हायट कोरलंय. ऑफिसात दाखवलं तर एक जण म्हणे हॉटेलवाले बेअरिंगं कधीपासून बनवायला लागले!

मग नेटवर शोधलं तर जॉन वेस्ली हायट नावाचा अमेरिकन निघाला. पण त्याच्या नावावर बिलियर्डचे बॉल, उसाचा घाणा, पाण्याचा फिल्टर, शिलाई मशीन, काय वाट्टेल ते दिसतंय. हा एकच माणूस आहे की दोन-तीन हायट मिक्स झालेत? आणि एकच असेल तर एवढ्या वेगवेगळ्या धंद्यांत पेटंटं मिळतात कशी कुणाला?

---

गल्लीतला_गल्ली :

एकच. हॉटेलवाला वेगळा.

---

कापूरवडी :

एकच आहे आणि भारी माणूस आहे, जरा मोठं लिहितो.

जन्म १८३७ चा, न्यूयॉर्क राज्यातल्या स्टार्की गावचा. मूळ धंदा छापखान्यातला कंपोझिटर. पहिलं पेटंट १८६१ चं, सुऱ्यांना धार लावायच्या साधनाचं. त्याच सुमारास फेलन आणि कॉलेंडर या बिलियर्डचं सामान विकणाऱ्या कंपनीने जाहीर केलं की हस्तिदंताला पर्याय आणून देईल त्याला १० हजार डॉलर. कारण चांगल्या बॉलला सुळ्याचा मधला भागच लागतो, एका सुळ्यात मोजकेच बॉल निघतात. हा पठ्ठ्या दिवसा छापखाना आणि रात्री-रविवारी हे उद्योग. १८६५ ला बॉलचं पहिलं पेटंट, पण तो बॉल तितका जमला नव्हता. १८६९ ला दुसरं, त्यात बॉलवर कोलोडियनचा, म्हणजे विरघळवलेल्या नायट्रोसेल्युलोजचा थर. नायट्रोसेल्युलोज म्हणजे कापसावर नायट्रिक ॲसिडची प्रक्रिया केलेली वस्तू, बंदुकीच्या दारूची चुलत बहीण समजा.

आता गंमत बघा. हायटनेच पुढे १९१४ साली पर्किन मेडल, म्हणजे रसायनक्षेत्रातलं मानाचं पदक घेताना सांगितलेला किस्सा आहे, कोलोरॅडोतल्या एका गुत्तेवाल्याचं पत्र आलं की बॉल जोरात आपटले की टिकली फुटल्यासारखा आवाज होतो, माझं काही म्हणणं नाही पण आवाज झाला रे झाला की खोलीतला प्रत्येक माणूस पिस्तूल उपसतो 😄

१८७० चं पेटंट सगळ्यात महत्त्वाचं, भाऊ आयझाया सोबत. नायट्रोसेल्युलोजमध्ये कापूर मिसळायचा आणि गरम करून दाबायचं, बस्स. आपण आरतीला लावतो तोच कापूर. तो वितळला की नायट्रोसेल्युलोजला आपल्यात विरघळवून घेतो, पातळ सॉल्व्हंट लागतच नाही. आधीचे लोक सॉल्व्हंट ओतायचे आणि ते उडून गेलं की वस्तू आक्रसून वाकडीतिकडी व्हायची. सेल्युलॉइड हे नाव आयझायाचं. दातांच्या कवळ्या, फण्या, कॉलर, मग पुढे फोटोची आणि सिनेमाची फिल्म.

अवांतर: जुन्या टेबल टेनिसच्या बॉलचा वास आठवतो का? चेपलेला बॉल फुटला की आतून सपकन कापराचा वास यायचा. शाळेत एकदा आम्ही असला फुटका बॉल काडीने पेटवला तर फुर्र करून एका सेकंदात संपला आणि माझी भुवईही. ते सेल्युलॉइडच. २०१४ नंतर मोठ्या स्पर्धांतून ते गेलं, आता साध्या प्लास्टिकचे बॉल असतात.

---

वासराततीनगाई :

मस्त लिहिलंय पण एक पिन टोचतो. हायटने प्लास्टिकचा शोध लावला हे अर्धसत्य आहे. इंग्लंडच्या अलेक्झांडर पार्क्सने हेच नायट्रोसेल्युलोज घेऊन पार्कसाइन नावाचं प्लास्टिक केलं होतं आणि त्याच्याकडेही कापूर होता. त्याची कंपनी १८६८ ला बुडाली. त्याच्या हाताखालच्या डॅनियल स्पिलने हायट बंधूंवर पेटंटवरून केस ठोकली, ती वर्षानुवर्षं चालली आणि १८८४ च्या निकालात जज म्हणाले मूळ कल्पना पार्क्सची, त्यामुळे स्पिलचा दावा टिकत नाही. कारखाना दोघांनाही चालवता आला पण श्रेय दोघांच्याही हातातून गेलं!

आणि ते "हत्ती वाचवणारा बॉल" वगैरे फॉरवर्ड फिरतात ना, त्यावर फार जाऊ नका. पट्टीचे खेळाडू त्यानंतरही कित्येक दशकं हस्तिदंताचेच बॉल वापरत होते.

---

कापूरवडी :

मान्य. पण कल्पना असणं आणि रोज कारखान्यातून सारखा माल बाहेर काढणं यात फरक आहे की नाही? पार्क्सच्या फण्या वाकल्या, हायटच्या नाही. माझं मत हायटच्याच बाजूने.

---

चिपाडकर :

मी साखर कारखान्यात मिल हाऊसला असतो, सध्या गाळप चालू आहे आणि नाईटला बसून हे वाचतोय त्यामुळे ऊस कुठे आला ते मीच सांगतो.

धागाकर्त्याने विचारलं एवढ्या धंद्यांत कसं. मला विचाराल तर धंदे वेगळे नव्हतेच, त्याचं काम एकच, दाबणे. भावांबरोबर ऑल्बनीत काढलेला कारखाना म्हणजे डॉमिनो आणि चेकर्सच्या सोंगट्या दाबून उठवायचा. सेल्युलॉइड गरम करून दाबायचं. पुढे तर लाकूड घट्ट करून बोलिंगचे बॉल आणि गोल्फच्या काठ्यांची डोकी करायची पद्धतही त्याने काढली. मग १८९१-९२ च्या सुमारास ऊस दाबायला घेतला. उसाचं गणित सोपं आहे, रस जेवढा निघेल तेवढा काढायचा आणि मागे राहणारा बगॅस जेवढा कोरडा तेवढं बरं कारण तोच बॉयलरमध्ये जाळायचा असतो. आमच्याकडे शेवटच्या मिलमधून बाहेर पडणाऱ्या बगॅसमध्येसुद्धा निम्मं पाणीच असतं, दोन टक्के वाढलं तरी बॉयलरवाला फोन करून बोंबलतो. गावाकडच्या गुऱ्हाळात तर चिपाडं उन्हात वाळवल्याशिवाय जळव्या, म्हणजे जाळ घालणारा माणूस, चुलवाणात घालतच नाही. हायटच्या घाण्याची खासियत हीच सांगतात की कमी ताकद लागायची आणि चोथा थेट जाळण्याइतका कोरडा यायचा.

आता तुमच्या बेअरिंगकडे. घाण्याच्या रोलरवर प्रचंड लोड, ऊस कधी जाड थर कधी पातळ, शाफ्ट सतत थोडा इकडे तिकडे होणार. बेअरिंगमधला रोलर भरीव असला तर सगळा भार एका कडेला येतो. म्हणून त्याने पट्टी गुंडाळून लवचीक रोलर केला, भार पडला की तो जरा दबतो आणि शाफ्ट पूर्ण सरळ नसला तरी सांभाळून घेतो. पट्टीच्या फटीत तेलही धरून राहतं. म्हणजे ज्या बेअरिंगने ट्रक चालले ते जन्माला आलं घाण्यासाठी. आणि आमच्या मिलचे रोलर आजही गनमेटलच्या ब्रासवरच, म्हणजे रोलर नसलेल्या साध्या बेअरिंगवरच फिरतात, वरून पाण्याने कूलिंग, काय बोलणार 🙏

---

गल्लीतला_गल्ली :

मग पैसा कशात मिळाला त्याला?

---

वासराततीनगाई :

मोठा पैसा बेअरिंगात, पण तो दुसऱ्यांच्या हातून. १८९२ ला न्यू जर्सीत हॅरिसनला हायट रोलर बेअरिंग कंपनी निघाली, ती लवकरच डगमगायला लागली. तिथे १८९५ ला आल्फ्रेड स्लोन नावाचा वीस वर्षांचा इंजिनिअर लागला आणि त्याच्या वडिलांनी पैसे घातले. मग मोटारी आल्या. फोर्डसारखं गिऱ्हाईक मिळालं. १९१६ ला कंपनी १३५ लाख डॉलरला विकली गेली, ती शेवटी जनरल मोटर्समध्ये गेली, म्हणून आजोबांच्या ट्रकात हा माल. हाच स्लोन १९२३ ला जनरल मोटर्सचा अध्यक्ष झाला. हायट १९२० ला वारला, तोवर २०० च्या वर पेटंटं नावावर. घाणा मागे पडला आणि त्याचा एक पार्ट अख्खी कंपनी होऊन बसला.

पाण्याच्या फिल्टरचं राहिलंच, ते पण भावाबरोबरचं. गढूळ पाण्यात तुरटी घालून गाळ बसेपर्यंत थांबायचं ही जुनी पद्धत, यांनी तुरटीसारखं द्रव्य वाहत्या पाण्यात सोडून लगेच वाळूतून गाळायला सुरुवात केली. मोठ्या टाक्या वाचल्या.

---

खटारा_६८ :

कमाल आहात सगळे! मी तर भंगारवाल्याला द्यायच्या ढिगात टाकलं होतं. आता शोकेसमध्ये ठेवतो. गंज चढलाय पण, पॉलिश पेपर मारू का?

---

चिपाडकर :

अजिबात नको, अक्षरं जातील. दोन दिवस डिझेलमध्ये बुडवून ठेव, मग जुन्या टूथब्रशने हलक्या हाताने घास आणि फटीत तेल सोड. फिरायला लागलं तर व्हिडिओ टाक इथे.