उद्याचा विचार मनात येणे म्हणजे विश्वासाची उणीव समजावी का?

प्रश्न

वडील गेले चार महिने अंथरुणाला खिळून आहेत आणि रात्रीचे औषध मी देतो. हात चमच्यावर असतो, पण मन मात्र पुढच्या तपासणीत काय निघेल, पैसे पुरतील का, यातच गुंतलेले असते. बायबलमधील मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात प्रभू येशू उद्याची चिंता करू नका म्हणतो. लूकच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात मात्र बुरूज बांधू पाहणाऱ्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, असे तोच सुचवतो. मग विचार आणि विश्वास यांची सीमारेषा नेमकी कोठे आहे? विचार थांबवणे हाच विश्वास असेल, तर तो मला जमत नाही.

प्रतिसाद १

विचार थांबवा, असे प्रभू म्हणत नाही. मत्तयाच्या त्याच अध्यायात तो पाखरांकडे निरखून पाहायला आणि रानातल्या फुलांचे मनन करायला सांगतो, म्हणजे विचाराला काम देतो. हिशेबाला शेवट असतो. बेरीज झाली की माणूस उठतो. चिंता तीच बेरीज रात्रभर पुन्हा पुन्हा मांडते आणि उत्तर मात्र कधीच लिहीत नाही. शिवाय अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत प्रभू स्वतः दुसऱ्या दिवशीच्या मरणाने व्याकूळ झाला होता, हे विसरू नये. ती व्याकुळता त्याने लपवली नाही, पित्यापुढे मांडली. त्याला अविश्वासू म्हणण्यास कोण धजेल?

प्रतिसाद २

वरील मताशी मी बहुतांशी सहमत आहे, परंतु हिशेब संपल्यावरही मन भरकटतेच, त्याचे काय? इसवी सन ४००च्या सुमारास ख्रिस्ती धर्मचिंतक संत ऑगस्टीनने आपल्या ‘आत्मनिवेदन’ (कन्फेशन्स) या ग्रंथाच्या अकराव्या भागात याचाच शोध घेतला. त्याच्या मते भूतकाळ स्मरणाच्या रूपाने, भविष्य अपेक्षेच्या रूपाने आणि वर्तमान अवधानाच्या रूपाने, असे तिन्ही काळ मनातच वसतात. पाठ असलेले स्तोत्र म्हणण्यापूर्वी ते सगळेच्या सगळे अपेक्षेत असते. एकेक शब्द उच्चारला जातो तसतसा तो स्मरणात जातो. आणि या सर्व वेळी अवधान जागे राहून पुढचे मागे पोहोचवत असते. याचा अर्थ, उद्याचा विचार हीदेखील आजचीच घटना आहे आणि म्हणूनच ती आज देवापुढे ठेवता येते. आपण काळात विखुरलो आहोत, हे ऑगस्टीन व्यथित होऊन कबूल करतो आणि देवानेच आपल्याला एकवटावे, अशी आस धरतो. स्वतःच्या बळावर ते साधेल, असे तो मानत नाही.

प्रतिसाद ३

डॅनिश ख्रिस्ती तत्त्वज्ञ किर्केगार्डने १८४८ साली दिलेला दृष्टान्त येथे लागू पडतो: वल्हवणारा माणूस ज्या दिशेला जायचे तिकडे पाठ करून बसतो, आणि तसे बसल्यानेच त्याला वल्हे नीट मारता येते. तसेच उद्याकडे पाठ केली की आजचे काम नीट करता येते.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. काल खर्च वहीत मांडला, बेरीज केली आणि वही मिटली. औषध दिल्यावर वडिलांनी तेविसावे स्तोत्र म्हणायला सांगितले. मृत्युच्छायेच्या दरीपाशी माझा आवाज अडकला, तेव्हा पुढचे शब्द त्यांनीच म्हटले आणि मग शेवटपर्यंत आम्ही दोघांनी मिळून म्हटले.