'अट्रॅक्टेड'च्या पुढे टू, बाय की टुवर्ड्स?

निळीशाई:
एखादी व्यक्ती मनात भरली, तर 'आय ॲम अट्रॅक्टेड टू हर' म्हणायचं, 'बाय हर' की 'टुवर्ड्स हर'? 'आय ॲम अट्रॅक्टिंग टू हर' असंही ऐकू येतं. शिवाय ओढ रूपाची आहे की मनाची, हे वेगळं कसं सांगायचं?

शब्दवेडा:
व्यक्तीबद्दल बोलताना 'टू'. आपण 'तिच्याकडे आकर्षित होणे' म्हणतो, त्या 'कडे'मुळे तोंडात 'टुवर्ड्स' येतं. अर्थ कळतो, पण लिहिताना 'टू'च ठेवा. 'बाय' चूक नाही, त्याचं काम निराळं. कशामुळे ओढ वाटली ते सांगायचं असेल तर 'बाय': 'आय वॉज अट्रॅक्टेड बाय हिज कॉन्फिडन्स'. मराठीत 'मुळे' बसतं तिथे 'बाय' बसतं. 'विथ' मात्र नकोच.

'अट्रॅक्टिंग'ची चूक जास्त गंभीर आहे. 'अट्रॅक्ट' म्हणजे ओढून घेणे, म्हणून जो ओढला गेला तो 'अट्रॅक्टेड'. 'आय ॲम अट्रॅक्टिंग हर' म्हटलं की मीच तिला ओढतोय, असा उलटा अर्थ होतो. त्यात 'टू' घातला की वाक्यच मोडतं.

रानजाई:
दुसऱ्या प्रश्नाबद्दल. 'फिजिकली अट्रॅक्टेड टू' व्याकरणाने बरोबर, पण फार थेट. 'आय फाइंड हर अट्रॅक्टिव्ह' सौम्य आहे. ती दिसायला छान वाटते एवढंच त्यातून कळतं, ओढ असेलच असं नाही. मनाच्या ओढीसाठी 'आय फील ड्रॉन टू हर' सहज वाटतं. मात्र 'ड्रॉन टू' एखाद्या विषयाबद्दल, गावाबद्दलही म्हणतात, तेव्हा प्रेम कळायला मागचापुढचा संदर्भ हवा.

'इमोशनली अटॅच्ड टू' यात मिसळू नका. तो जीव जडणं आहे, सहवासानंतरचा. पहिल्या भेटीनंतर लिहिलात तर वाचणारा दचकेल. आणि 'टर्न्ड ऑन' म्हणजे सरळ लैंगिक उत्तेजना. साधं कौतुक म्हणून हा शब्द कुणालाही, विशेषतः सहकाऱ्याला, कधीच लिहू नका.

निळीशाई:
आणि 'क्रश'ला काय लावायचं?

शब्दवेडा:
'ऑन'. 'आय हॅव अ क्रश ऑन हिम'. मधला 'अ' गाळू नका. 'केमिस्ट्री'ला 'बिट्वीन', पण ती दोघांना जाणवत असेल तरच. एकतर्फी असेल तर 'क्रश'च म्हणा.