रविवारी धुपदाळला गेलो त्याबद्दल

बी-३०२: नमस्कार मंडळी. पहाटे पाचला निघालेले आपल्या सोसायटीतले आम्ही अकरा जण आत्ताच परतलो. घटप्रभेचं पक्षी अभयारण्य, म्हणजे धुपदाळचा बंधारा. बेळगावातून साठेक किलोमीटर. फोटो रात्री टाकते, त्याआधी थोडं बोलायचंय.

उन्हं वर यायच्या आत बंधाऱ्यामागच्या उथळ पाण्यात थापट्या बदकं दिसली, चाळीसेक तरी. चोच खरंच गवंड्याच्या थापीसारखी, पुढं रुंद. ती पाण्यात आडवी घालून डोकं हलवत फिरतात. चोचीच्या कडेला बारीक दात्यांची फणी असते, तिच्यातून पाणी निथळतं आणि किडे, बिया आत राहतात. मागं तलवार बदकंही होती. फाल्गुन सरता सरता ही सगळी उत्तरेला निघतात, पार सैबेरियापर्यंत. आता खाऊन अंगात चरबी साठवायची, एवढंच त्यांचं काम.

आणि दुसऱ्या एका गाडीतल्या पोरांनी रीलसाठी दगड भिरकावला. अख्खा थवा उठला. साठवलेली ताकद त्या उडण्यातच जाते हो! फार वाईट वाटलं. जाऊन समजावलं, पोरांनी ऐकलंही. पण पाखरं तासभर काठाला आली नाहीत.

ए-१०४: बोललीस ते बरं केलंस बाई. पण तिथं टिटवी ओरडत होती म्हणे, नातू सांगतोय. सकाळच्या पारी टिटवी चांगली नव्हे.

बी-३०२: काकू, ती अंड्यांसाठी ओरडत होती. तुमच्या नातवाच्या पावलापासून हातभरावर, खड्यांतच चार अंडी. मातकट, वर काळे ठिपके, निमुळती टोकं आत वळवलेली. घरटं असं काही नाहीच. डोक्यावर येरझारा घालून तिनं आकांत केला म्हणून आम्ही थांबलो, नाहीतर पाय पडलाच असता.

ए-१०४: अगंबाई! मग तिला कशाला नावं ठेवायची.

सी-२०१: बंधारा १८९७ चा, शेतीच्या पाण्यासाठी बांधलेला. अभयारण्य १९७४ साली झालं. आम्ही मिरज गाडीनं मामाकडं जायचो, तेव्हा थंडीत शेंगांच्या रानात कांड्या करकोचे उतरायचे. दिसले काय?

बी-३०२: नाही अण्णा, आम्हीच थंडी सरल्यावर गेलो. पुढच्या थंडीत तुम्ही चला, जागा तुम्हाला ठाऊक.

सी-२०१: येतो की.

बी-४०३: ताई, हळदी-कुंकू बदक खरंच तसं असतं? लेकीनं हट्ट धरलाय.

बी-३०२: हो वहिनी. काळ्या चोचीच्या टोकाला हळद, मुळाशी दोन्हीकडं कुंकवाचा ठिपका. ते बारमाही इथलंच, पाडव्यानंतरही दिसेल. तिला घेऊन या. फक्त भडक कपडे नकोत, स्पीकर घरीच राहू दे, आणि काठावर एकामागून एक, खाली बघत चालायचं. दुर्बिणी कमी पडतात, कुणाकडं असेल तर सांगा.

बी-४०३: आमच्या मामंजींची आहे. उद्या आणून देते.

ए-१०४: नातू विचारतोय, पिल्लं कधी निघणार?

बी-३०२: अंडी घातल्यापासून चार आठवडे लागतात काकू. त्याला म्हणावं, पुढच्या वेळी लांबून दुर्बिणीतून दाखवते, जवळ जायचं नाही.

ए-१०४: कॅलेंडरवर खूण करून बसलाय.