'पॉइन्यंट' म्हणजे नेमकं काय?

अनुवादार्थी: इंग्रजी परीक्षणांत 'पॉइन्यंट' (poignant) हा शब्द सारखा भेटतो. कोशात 'हृदयस्पर्शी' दिलंय आणि त्याच नोंदीत 'तिखट, झोंबणारा'ही! एकाच शब्दाचे हे दोन अर्थ कसे? 'टचिंग'पेक्षा हा वेगळा कुठे? आणि उच्चारात 'ग' येतो का?

व्युत्पत्तीवेडा: 'ग' अजिबात नाही. स्पेलिंगमधली जी-एन ही जोडी फ्रेंच वळणाची, तिचा उच्चार 'न्य'. इटालियन 'लझान्या'तही तीच जोडी आहे. आघात 'पॉ'वर.

मूळ लॅटिन क्रियापद 'पुंगेरे', म्हणजे टोचणे. ते जुन्या फ्रेंचमधून 14व्या शतकात इंग्रजीत आलं, अर्थ 'टोचणारं'. मग टोचणारं काहीही असो, भाल्याचं टोक, मसाला नाहीतर दुःख. इंग्रज कवी चॉसरच्या 'कँटरबरी टेल्स'च्या प्रस्तावनेत फ्रँकलिन हा खवय्या जमीनदार आहे. सॉस 'पॉइन्यंट' आणि झणझणीत झाला नाही, तर त्याच्या आचाऱ्याची धडगत नसे. तुमच्या कोशातला 'तिखट' तो हाच.

पुढे त्याच क्रियापदापासून थेट लॅटिनमार्गे 'पंजंट' (उग्र, झणझणीत) आला. हळूहळू वास-चव त्याच्याकडे गेली आणि 'पॉइन्यंट'कडे मुख्यतः मन उरलं. 'पॉइंट', 'पंक्चर', 'ॲक्युपंक्चर' हे सगळे याच कुळातले. 'कम्पंक्शन'ही, म्हणजे आपली मनाची टोचणी.

मुद्रितशोधक: वापराबद्दल. 'टचिंग'ला नुसता गोडवा पुरतो, 'पॉइन्यंट'मध्ये सल लागतो. नातवाने आजीला फूल दिलं, तर प्रसंग 'टचिंग'. सैनिकाचं 'सुट्टीवर येतोय' असं पत्र त्याच्या मृत्यूची बातमी आल्यावर घरी पोचलं, तर 'पॉइन्यंट'. उलट अपघाताच्या भीषण वर्णनाला हा शब्द तोकडा पडतो, तिथे 'हॅरोइंग', म्हणजे जीव पिळवटणारं. शिवाय हे विशेषण प्रसंग, पत्र, फोटो, आठवण यांना लागतं. 'आय फील पॉइन्यंट' चूक.

मराठीत माझी पहिली पसंती 'चटका लावणारा'. 'हुरहूर लावणारा' जरा सौम्य, पण निरोपाच्या प्रसंगाला नेमका बसतो. 'हृदयद्रावक' टाळाच, बातम्यांनी तो अपघातांना वाहून टाकलाय. 'जिव्हारी लागणारा'ही नको, त्यात अपमानाची छटा येते.

आणि दर वेळी विशेषणालाच विशेषण शोधू नका. बंद पडलेल्या शाळेतला फळा 'पॉइन्यंट रिमाइंडर' आहे असं वाक्य आलं, तर 'चटका लावणारे स्मरण' हे कृत्रिम वाटतं. 'तो फळा पाहिला की इथे कधीकाळी मुलं होती हे आठवून गलबलून येतं' असं क्रियापदाने सोडवा.

अनुवादार्थी: आणि 'पॉइन्यंट ऑब्झर्वेशन'? तिथे तर रडण्यासारखं काहीच नव्हतं.

मुद्रितशोधक: तिथे 'नेमकं, वर्मावर बोट ठेवणारं' घ्या. कोशांत हाही अर्थ आहे. आजूबाजूच्या दोन-तीन वाक्यांत हरवलेलं किंवा सुटलेलं काही नसेल आणि लेखक युक्तिवाद करत असेल, तर बहुधा हाच अर्थ.

व्युत्पत्तीवेडा: एक पुरवणी. खंजिराला इंग्रजीत 'पॉन्यर्ड' म्हणतात. स्पेलिंग जवळचं आणि खंजीर टोचतोही, म्हणून तो 'पॉइन्यंट'वरून आला असं वाटू शकतं. पण तो शब्द फ्रेंचमधल्या मुठीच्या शब्दावरून आलाय. मुठीत धरायचं हत्यार, म्हणून ते नाव.