मदत हवी आहे: मांजरीच्या ओरबाडायच्या खांबाला काथ्या की सुतळी?

मांजर सोफा ओरबाडते, पण तिची नखं काढून टाकायचा विषय बाद. त्यात नुसतं नख जात नाही, बोटाचं शेवटचं पेर हाडासकट कापतात. दर 2-3 आठवड्यांनी आतली गुलाबी शीर सोडून टोकं कापतोच. पण ओरबाडणं थांबत नाही, थांबणारही नाही. सोफा वाचवायला खांबच हवा.

110 मिमीचा पीव्हीसी पाइप, उंची 90 सेंमी, बुडाला 45 बाय 45 सेंमीचा 18 मिमी प्लाय. (खांब डुलला की स्वारी परत सोफ्यावर!) 70 सेंमी गुंडाळायला 8 मिमीची दोरी साधारण 32-33 मीटर लागेल. सायझल (घायपाताच्या धाग्याची दोरी) इथे मिळत नाही. काथ्या टोचरा, सुतळी लगेच पिंजते. कुठली घेऊ? पीव्हीसीवर पांढरा फेविकॉल धरत नाही. दोन्ही टोकांना भोक पाडून आत गाठ मारली, तर मधले वेढे सरकतील का?