प्रतिसाद: दोष फाँटचा नाही, मोजणीचा आहे

व्हिम या मजकूर-संपादकात मराठी तक्त्यांचे स्तंभ वाकडे दिसतात; त्यातील ‘ॲम्बीविड्थ’ ही चिन्हांच्या रुंदीची सेटिंग दुप्पट केल्यास ते सरळ होतील, असे सुचवले जाते. ते पटत नाही, कारण ती सेटिंग संदिग्ध रुंदीच्या, म्हणजे एक घर घ्यावे की दोन हे नक्की नसलेल्या, चिन्हांपुरती असून देवनागरी अक्षरे त्यांत येत नाहीत. नागपुरात कळमना बाजारातील भावांचा तक्ता टर्मिनलमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरावीक रुंदीची घरे देणाऱ्या मजकूर-खिडकीत, भरताना हे रोज दिसते. ‘संत्री’ या शब्दात सहा संकेतांक (संगणक अक्षरांचे भाग साठवतो ते क्रमांक) आहेत. अनुस्वार व हलन्त (पाय मोडण्याची खूण) यांची रुंदी शून्य धरली, तरी अनेक टर्मिनलांत शेवटच्या वेलांटीला स्वतंत्र घर मिळून चार घरे अडतात आणि फाँट मात्र ‘त्री’ एकसंध काढतो, त्यामुळे कर्सर भलतीकडेच उभा राहतो. जोडाक्षराला एकच अक्षरगट, म्हणजे वाचकाला एक वाटणारे अक्षर, मानण्याचा नियम २०२३ मध्ये युनिकोड या अक्षरांच्या जागतिक मानकाच्या १५.१ आवृत्तीने आणला. संपादक आणि टर्मिनल या दोघांनीही रुंदी अक्षरगटानुसार मोजली, तरच हे सुटेल.