एकर हा शब्द आला कुठून, आणि त्याचे माप असे अडनिडे का?

शेतवाचक (नागपूर)

काटोल तालुक्यातील आमच्या वडिलोपार्जित संत्राबागेचे कागद लावत असताना असे लक्षात आले, की सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये आहे, आजोबांच्या खरेदीखतात ते एकर आणि डिसमिलमध्ये आहे, तर अमरावतीकडचे आमचे व्याही एकर आणि गुंठे असेच बोलतात. हेक्टर म्हणजे शंभर मीटर बाजूचा चौरस, हे सहज समजते. परंतु एकराचे ४३,५६० चौरस फूट कोणत्याही पूर्ण संख्येचा वर्ग नाहीत, मग हा आकडा कशावरून ठरला? शिवाय एकर या शब्दाचा अर्थ पहिल्यापासून मापाचाच होता का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

भाषाभ्यासक (धरमपेठ)

आपल्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण आकड्याचे उत्तरही तिथूनच निघते. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ केवळ शेत, म्हणजे नांगराखालची मोकळी जमीन, असा होता आणि तिच्या आकाराशी त्याचा काही संबंध नव्हता. जर्मन भाषेत ‘आकर’ म्हणजे आजही शेतच. लॅटिनमधील ‘आगेर’, ग्रीकमधील ‘आग्रोस’ आणि आपल्या संस्कृतातील ‘अज्र’ हे सर्व एकाच कुळातले शब्द असून, ऋग्वेदात अज्र हा शब्द मैदान किंवा शेत या अर्थाने येतो. बहुतेक अभ्यासक हे कूळ ‘अज्’, म्हणजे हाकणे, या धातूशी जोडतात. गुरे जिथे हाकून न्यायची ती मोकळी जागा, असा मूळ अर्थ त्यातून निघतो आणि तो मला पटतो, कारण माणूस नांगर धरण्याआधीपासून गुरे राखत आला आहे. अ‍ॅग्रिकल्चर हा शब्द ‘आगेर’ची मशागत या अर्थाने घडला, आणि कृषी सेवा केंद्रांच्या पाट्यांवरील ‘अ‍ॅग्रो’ हा ग्रीक ‘आग्रोस’ आहे.

शेताचे माप झाले ते मध्ययुगीन इंग्लंडमध्ये. बैलांच्या एका औताने दिवसभरात जेवढी जमीन नांगरून होईल तेवढी एक एकर, असा व्यवहार रूढ झाला. तिथल्या जड नांगराला कधी कधी आठ बैल जुंपत, आणि एवढे लांब औत शेताच्या टोकाला वळवणे फार जिकिरीचे असे. त्यामुळे वळणे कमी करण्यासाठी तास, म्हणजे नांगराने पडणारी चर, लांबच लांब काढायचे आणि पट्टा अरुंद ठेवायचा, ही रीत पडली. त्या तासाची लांबी म्हणजेच फर्लांग. आपल्या आधीच्या पिढीने मैल-फर्लांगाने अंतर मोजले, पण त्या शब्दात नांगराचे तास आहे हे फारसे कोणाच्या ध्यानात आले नसावे. फर्लांग ६६० फुटांचा आणि पट्ट्याची रुंदी ६६ फूट. यांचा गुणाकार बरोबर ४३,५६० येतो. एकर चौरस नाही, तो लांबट पट्टा आहे, म्हणूनच आपल्याला वर्गमूळ सापडत नाही.

निवृत्त भूमापक

वरील उत्तरात मोजणीची बाजू जोडतो. ६६ फूट म्हणजे एडमंड गुंटर या इंग्रज गणितज्ञाने १६२० मध्ये प्रचारात आणलेली साखळी. तिला शंभर कड्या असतात आणि दहा चौरस साखळ्यांचा एक एकर होतो, त्यामुळे क्षेत्र थेट दशांशात मांडता येते. जुन्या मध्य प्रांताचे कागद याच पद्धतीचे असल्याने आपल्या आजोबांच्या खरेदीखतात डिसमिल आहे. डिसमिल म्हणजे एकराचा शंभरावा भाग, ४३५.६ चौरस फूट. नागपूरचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाले आणि १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला. वऱ्हाड मात्र निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आलेले होते आणि तिथली पाहणी मुंबई इलाख्याच्या धर्तीवर झाली. त्या पद्धतीत साखळी ३३ फुटांची, तिचे सोळा आणे, आणि ३३ फूट बाजूचा चौरस म्हणजे गुंठा. असे चाळीस गुंठे म्हणजे एक एकर. आपल्या व्याह्यांचे गुंठे तिथून आले.

याचा व्यवहारात फार जपून विचार करावा लागतो. जुन्या कागदावर ‘२.२० एकर’ लिहिलेले असेल आणि ते दशांशात असेल, तर ते दोन एकर आठ गुंठे होतात. तेच कोणी दोन एकर वीस गुंठे असे वाचले, तर बारा गुंठ्यांचा, म्हणजे १३,०६८ चौरस फुटांचा फरक पडतो. म्हणून कागद कोणत्या पद्धतीचा आहे ते पाहिल्याशिवाय हेक्टरमध्ये रूपांतर करू नये.

शेतवाचक (नागपूर)

दोघांचेही मनापासून आभार. एक शंका उरते. हलक्या जमिनीत औत भराभर चालते आणि आपल्या भारी काळ्या जमिनीत ते रुतते. मग एका दिवसाचे काम सगळीकडे सारखे कसे असेल?

भाषाभ्यासक (धरमपेठ)

ते सारखे नव्हतेच, भाऊ, आणि म्हणूनच राजसत्तेला माप बांधून द्यावे लागले. तेराव्या शतकाच्या अखेरीस किंवा चौदाव्याच्या आरंभी इंग्लंडमध्ये चाळीस काठ्या लांब आणि चार काठ्या रुंद असा एकर कायद्याने ठरला. मात्र काठीची लांबी प्रदेशागणिक बदलत राहिली: इंग्लंडची काठी साडेपाच यार्डांची आणि आयर्लंडची सात यार्डांची, त्यामुळे इंग्रजी एकर ४,८४० चौरस यार्डांचा, तर आयरिश एकर ७,८४० चौरस यार्डांचा. दिवसाच्या नांगरणीवरून जमीन मोजणे ही काही इंग्रजांचीच कल्पना नव्हती. रोमन लोकांचे ‘यूगेरुम’ हे माप म्हणजे बैलजोडीची एका दिवसाची नांगरणी, असे थोरला प्लिनी या रोमन लेखकाने लिहून ठेवले आहे. त्या शब्दातील ‘यूग’ म्हणजे संस्कृतातील युग आणि आपल्या बैलांच्या मानेवरचे जू.